बसला चाकं सहा असतात

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘जुनी बस घरी दुरुस्त करून पुन्हा उभी करताना जुनं किती ठेवायचं?’ त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आमच्या परसातली बस बघायला जो येतो, तो आधी विचारतो, ‘ही रस्त्यावर चालवता येते का?’ आणि मग आमच्या सौ.कडे वळून, ‘वहिनी, तुम्ही परवानगी दिलीत कशी?’ दुसऱ्याचं उत्तर इथे देणं धोक्याचं आहे, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. (हशा) पहिल्याचं देतो.

२०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. चांगलंच झालं. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, घरच्या वापराची, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट. नव्या नोंदणीला फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. रोज मंडईत न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. सगळं कबूल. मी खुशीत वाचत गेलो आणि व्याख्येपाशी अडलो. दुचाकी आणि चारचाकी. चारचाकीतही चालक सोडून आसनं आठपर्यंतच. आमच्या बसला मागे जोडचाकं, म्हणजे चाकं सहा. स्टेपनी धरली तर सात.

एका कचेरीत मी हे घेऊन गेलो. कुठल्या ते विचारू नका, मला तिथे पुन्हा जायचंय. खिडकीमागच्या गृहस्थांनी कागद दोनदा उलटेपालटे केले आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, ‘मागची दोन काढून ठेवता येणार नाहीत का?’ मी म्हटलं, ‘येतील, पण आसनांचं काय?’ ते म्हणाले, ‘आसनंही काढा.’ म्हणजे पत्र्याची खोली आणायची, चार चाकांवर. वर म्हणाले, ‘साहेब, एखादी जुनी फियाट का नाही घेत? सुटसुटीत काम.’ माणूस वाईट नव्हता. त्याच्या तक्त्यात जे रकाने होते त्यात मला बसवायला तो मनापासून धडपडत होता. पुढे मी बराच काळ अर्ज करत राहिलो, ते पुराण नको.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एखाद्या संस्थानिकाची मोटार वर्षातून चारदा शिकारीला निघाली, तो वारसा. आणि १ जून १९४८ ला नगर-पुणे रस्त्यावर पहिली एसटी धावली, लाकडी बॉडीची, काथ्याच्या आसनांची बेडफर्ड, तेव्हापासून निम्मा महाराष्ट्र ज्या गाड्यांत लग्नाला, परीक्षेला, दवाखान्यात, पंढरपूरला गेला, त्या लिलावात किलोच्या भावानं जातात. पुण्यात पीएमटी, म्हणजे शहराची बससेवा, १९५० ची. तिच्या पहिल्या काळातली बस दाखवा म्हटलं तर लोक फोटो दाखवतात.

असो. विषय.

आमच्या बसच्या नाकावर तीन टोकांचा तारा आहे. टाटा आणि मर्सिडीजचा करार १९५४ ते १९६९, तेव्हा चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, त्या काळातली, जमशेदपूरची. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. थंडीत आधी इंजिनातला हीटर तापवायचा, मग स्टार्टर. बघायला आलेला माणूस थेट बॉनेटकडे जातो आणि तिथेच रमतो. माझं म्हणणं असं, की त्यात आपल्या गावचं काही नाही. इंजिन जर्मन नकाशावर बनलेलं, तसंच दुसरं आजही कुठूनतरी मिळतं. चासी गावात येते ती नुसती, स्प्रिंगच्या पाट्यांवर उभी. तिची बस होते ती इथे, सुतार आणि पत्रेवाल्यांच्या हातून. आणि ती बॉडीच आपण सगळ्यात आधी उपटून फेकतो.

ही गाडी मला एका वीटभट्टीवर मिळाली. वॉचमन त्यात राहायचा, खिडकीत तुळस होती. घरी आणल्यावर एक म्हातारे बॉडीमिस्त्री बघायला आले. उमेदीचा सगळा काळ बसबांधणीत गेलेला. आले, कंडक्टरच्या जागेवर बसले, चहा मागितला आणि माझ्या प्रत्येक बेताला ‘नाही’ म्हणाले. प्लायवूड? नाही. फायबर? तोंड वाकडं. मग आतला पत्रा स्वतःच रिबीट तोडून सोडवला, आणि मागच्या सागवानी खांबावर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: ‘डावी ४’. पुढच्या खांबावर ‘डावी ५’. खिडक्या एका मापाच्या नव्हत्याच. चौकटी ज्या त्या जागी बेतून, घासून बसवलेल्या, म्हणून नंबर. मी तोवर खिडक्या काढून ढीग घातला होता. मिस्त्रींनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरा चहा मागितला.

चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटं’. मग भरभर सांगतो.

जिथे जीव जाऊ शकतो तिथे जुनं काहीही ठेवू नका. ब्रेकचे लायनर, नळ्या, टायर, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे बुश, सगळं नवं. नाना पेठेत तासभर हिंडलात की निम्मं मिळतं, उरलेलं लेथवर करून घ्या. बॉडीत मात्र उलटं. कुजलेला खांब पूर्ण काढू नका; सडलं तेवढं कापून जुन्या सागाचा जोड द्या, भवानी पेठेत पाडलेल्या वाड्यांचं लाकूड मिळतं. नंबर लिहिलेला भाग तसाच राहू द्या.

ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडाला थेट लावू नका. पावसाचं पाणी मध्ये गेलं की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. आमच्या चाकांवरच्या कमानी अशाच गेल्या होत्या. मध्ये प्रायमर आणि रबराची पट्टी द्या. पत्र्याला पोचा असेल तर ठोकून काढा, आणि ठोकून निघत नसेल तर राहू द्या. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून गुळगुळीत केलेली बस शोरूममधली दिसते, आणि ती तशी कधीच नव्हती. रंग सगळा खरवडू नका. आमच्याकडे वरून भट्टीचा चुना, खाली शाळेच्या बसचा पिवळा, त्याखाली निळा निघाला. दाराजवळ हातभर जागा तशीच सोडलीय.

वायरिंगचं राहिलं, आणि तो खरा मोठा विषय आहे, पण अध्यक्ष उठून उभे राहिलेत. प्रश्नोत्तरांत विचारा. वहिनींना मात्र काही विचारू नका.