आज सुपरव्हिजनला कोण आहे?

नमस्कार मंडळी. आज एक शब्द घेऊन आलेय, पर्यवेक्षक. परीक्षेच्या हॉलमध्ये उत्तरपत्रिका वाटणारे, हॉलतिकिटावरचा नंबर ताडून बघणारे, पुरवणीवर सही करणारे ते सर किंवा त्या मॅडम. बोलताना आपण कोणी पर्यवेक्षक म्हणत नाही, आपण विचारतो, "आज सुपरव्हिजनला कोण आहे गं?" आणि नाव कळलं की कोणाचा जीव भांड्यात पडतो, कोणाचा घशात येतो. कागदावर मात्र शब्द पर्यवेक्षकच असतो, आणि तो बरोबर लिहिलेला क्वचितच दिसतो, कोणी परिवेक्षक लिहितं, कोणी पर्यवेशक. लिहिणाऱ्यांचा दोष नाही त्यात, शब्दाची फोड कोणी करूनच दाखवत नाही.

तर फोड अशी. परि अधिक अव अधिक ईक्ष्. परि म्हणजे सगळ्या बाजूंनी, आणि ईक्ष् म्हणजे पाहणं. परत सांगते, ईक्ष् म्हणजे पाहणं, हे धरून ठेवा, कारण या एका धातूपासून झालेले शब्द आपण दिवसभर वापरतो. परि आणि ईक्षा, परीक्षा, म्हणजे सगळीकडून पाहणं. निरीक्षण त्यातलंच, समीक्षा त्यातलीच. प्रतीक्षा म्हणजे वाटेकडे डोळे लावून बसणं, अपेक्षाही त्यातलीच, आणि उपेक्षा म्हणजे बघून न बघितल्यासारखं करणं. बँकेत नवा लागलेला अधिकारी परिवीक्षाधीन असतो ना, तोही याच घरातला. म्हणजे परीक्षा, पेपर तपासणारा परीक्षक आणि हॉलमधला पर्यवेक्षक, तिघांच्या पोटात एकच ईक्ष्.

आता डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते, अध्यक्ष या शब्दातही डोळा आहे, अक्ष म्हणजे डोळा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीवर देखरेख करणारा सीताध्यक्ष असतो, म्हणजे अध्यक्षानं कामाच्या जागी जाऊन काम नीट चाललंय का ते बघायचं असतं. हल्ली अध्यक्ष म्हणजे हार स्वीकारायचा आणि सगळ्यात शेवटी बोलायचं असं झालंय, ते मला अजिबात पटत नाही. असो.

मधला 'अव' राहिला की. खरी गोडी त्या अवमध्ये आहे. नुसतं ईक्षण म्हणजे पाहणं, पण अवेक्षण म्हणजे लक्ष घालणं, सांभाळणं, काळजी घेणं. कालिदासाच्या रघुवंशात चौदाव्या सर्गात, सीतेचा त्याग केल्यानंतर राम स्वतःचं दुःख आवरून राज्य चालवतो, तिथे त्याला विशेषण लावलंय 'वर्णाश्रमावेक्षणजागरूकः'. लांबलचक शब्द आहे, त्यातले शेवटचे दोन तुकडे फक्त ऐका, अवेक्षण आणि जागरूक. प्रजेच्या अवेक्षणात जागा असलेला. सांभाळणं आणि जागं असणं कालिदासानं एका शब्दात शेजारीशेजारी बसवलं.

आणि गंमत बघा, इंग्रजी लोक परीक्षेच्या सुपरव्हायजरला इन्व्हिजिलेटर म्हणतात, त्याच्या मुळाशी लॅटिन व्हिजिल, म्हणजे जागा असलेला. रोममध्ये ऑगस्टस सम्राटानं इसवी सन 6 मध्ये रात्रीची गस्त घालायला आणि आगी विझवायला 7 तुकड्या उभ्या केल्या, त्या लोकांना व्हिजिलेस म्हणायचे. आपल्याकडचा जागल्या तो हाच, सगळे झोपलेत म्हणून जो जागा राहतो. ऑफिसात व्हिजिलन्सवाले आले की धावपळ होते, तो व्हिजिलन्स पण याच मुळाचा. परीक्षेसाठी इन्व्हिजिलेटर हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला रुळला, त्याआधी इन्व्हिजिलेट म्हणजे साधं राखण करणं.

सुपरव्हायजर मात्र वेगळा. सुपर म्हणजे वर आणि व्हिजन म्हणजे पाहणं, वरून पाहणं. आणि वरून पाहण्याची हौस फार जुनी आहे, चीनमध्ये सम्राटाच्या नोकरीसाठी परीक्षा व्हायच्या, 1905 साली त्या बंद झाल्या. नानजिंगच्या परीक्षा केंद्रात एका वेळी वीस हजारांवर परीक्षार्थी बसतील इतक्या कोठड्या होत्या, एकाला एक कोठडी, आतल्या फळ्या दिवसा टेबल आणि रात्री पलंग, आणि या सगळ्याच्या मधोमध पहाऱ्याचा मनोरा. मनोरा अजून उभा आहे. अक्षर ओळखून परीक्षकानं मार्क देऊ नयेत म्हणून कारकून सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा लिहून काढायचे. बंदोबस्त असा कडक. पण मनोऱ्यावरून कोणाची मान वळली ते दिसेल फार तर, कोणाचं पेन थांबलंय ते नाही दिसणार.

हे पेन थांबण्याचं मी म्हणतेय ते एका बाईंमुळे, आणि त्यांची गोष्ट सांगायला मला मनापासून आवडतं, तेव्हा ऐकाच.

कॉलेजची परीक्षा होती, अर्थशास्त्राचा पेपर. माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी, आमच्या वर्गातली नव्हती, आदल्या वर्षीचा विषय राहिलेला म्हणून परत बसलेली. अशा मुलींना त्या दिवसांत जरा बाजूला पडल्यासारखंच असायचं, डबा खायला सोबत कोणी नाही, नोट्स द्यायला कोणी नाही. पेपर वाटले ते एका रिलिव्हर सरांनी, ते वाटून निघून गेले आणि मग बाई आल्या, आमच्या सुपरव्हिजनच्या बाई. साध्या होत्या, बारीक चणीच्या, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून चपला दाराशी काढून हॉलमध्ये अनवाणी फिरायच्या. खुर्चीत बसलेल्या मी त्यांना बघितलंच नाही.

पेपर सुरू झाला, सगळ्यांच्या माना खाली. साधारण वीसेक मिनिटं गेली असतील, बाई फिरत फिरत आमच्या रांगेत आल्या आणि त्या मुलीपाशी थांबल्या. मला वाटलं कॉपी सापडली. बाकीच्यांनाही तेच वाटलं असणार, कारण आजूबाजूची दोनचार पेनं एकदम थांबली. पण बाई वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, लिहीत का नाहीयेस?" ती काहीच बोलेना. मग म्हणाली, "बाई, मला यातलं काहीच येत नाहीये." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी टपटप उत्तरपत्रिकेवर. बाई म्हणाल्या, "काहीच येत नाही असं होत नसतं बाळ, हॉलतिकीट दाखव बघू." हॉलतिकीट घेतलं, प्रश्नपत्रिका घेतली, दोन्हीवरचे विषयाचे कोड शेजारी धरून वाचले.

कोड वेगळे होते. ती जुन्या अभ्यासक्रमाची आणि हातात पेपर नव्या अभ्यासक्रमाचा! वर्षभर वेगळंच पुस्तक वाचून आलेली मुलगी, आणि वीस मिनिटं ती समजत होती की आपण सगळं विसरलो, आपल्यातच काहीतरी कमी आहे. पेपर चुकीचा असेल हे तिच्या मनात आलंच नाही, आणि आलं असतं तरी भरल्या हॉलमध्ये हात वर करायची तिची हिंमत झाली नसती.

बाईंनी दारातल्या शिपायाला आत उभं केलं, म्हणाल्या, लक्ष ठेवा, मी आलेच, आणि अनवाणीच धावत ऑफिसात गेल्या. येताना बरोबर पेपर घेऊन आल्या आणि केंद्रप्रमुखांना पण घेऊन आल्या, त्यांच्यासमोर वेळ लिहून घेतली, किती मिनिटं वाया गेली ते, आणि तेवढी मिनिटं वाढवून घेतली. मग तिची उत्तरपत्रिका बदलून दिली, आधीची ओली झाली होती ना. पाणी दिलं. आणि परत फिरायला लागल्या, जणू काही झालंच नाही, कारण बाकीच्या मुलांचाही पेपर चालू होता आणि त्यांचं चित्त विचलित होऊ द्यायचं नव्हतं.

घंटा झाली, आम्ही पेपर दिले, पुरवण्यांचे दोरे बांधून झाले, सगळे बाहेर. ती एकटी लिहीत होती आणि बाई तिच्यापासून चार बाक लांब उभ्या होत्या. जवळ नाही, लांब, म्हणजे तिला घाई वाटू नये. दुसऱ्या सुपरव्हायजरांना चहाला जायची घाई, त्यांनी दारातून दोनदा हाक मारली, बाई हातानंच 'तुम्ही व्हा पुढे' म्हणाल्या.

मी नंतर बाईंना जिन्यात गाठलं आणि विचारलं, तुम्हाला कळलं कसं? तर म्हणाल्या, "लिहिणाऱ्याचा खांदा हलत असतो गं. तिचा हलत नव्हता. कॉपी करणारा माझ्याकडे बघतो, ही कोणाकडेच बघत नव्हती." ती मुलगी पुढे पास झाली, बोर्डावर तिचा नंबर मी स्वतः शोधला होता.

आता सांगा, या बाई सुपरव्हायजर, वरून पाहणाऱ्या? छे! या अवेक्षण करणाऱ्या, त्या रघुवंशातल्या शब्दातल्यासारख्या जागरूक.

जाता जाता परीक्षेच्या सुपरव्हायजरसाठीचा अमेरिकेतला शब्द, प्रॉक्टर. तो प्रोक्युरेटर या जुन्या शब्दाचा आखूड अवतार, आणि मूळ लॅटिन अर्थ दुसऱ्याच्या वतीनं काळजी वाहणारा. संग्रहालय सांभाळणाऱ्या क्युरेटरमध्ये जी काळजी आहे तीच यात. म्हणजे बघा, सुपरव्हायजर पाहणारा, इन्व्हिजिलेटर जागणारा, प्रॉक्टर काळजी वाहणारा, आणि आपल्या पर्यवेक्षकात परि आहे, अव आहे, ईक्ष् आहे, पाहणंही आहे आणि सांभाळणंही आहे. माझ्या मते हा शब्द चौघांत सगळ्यात भरलेला आहे.

आणि म्हणून ऑनलाइन परीक्षेला प्रॉक्टर्ड म्हणतात ते मला खटकतं. कॅमेरा मान वळली की नोंद करतो, स्क्रीनवरून नजर हलली की नोंद करतो, त्याच्या मनोऱ्याची जागा फक्त बदललीय. समोरची मुलगी वीस मिनिटं नुसती बसून रडतेय, तिचं हॉलतिकीट मागून कोड वाचायला पाहिजेत, हे त्याला कोण सांगणार? परीक्षा घेणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे, कॅमेरे लावायचे तर लावा, पण मुलांना हाक मारता येईल असं एक जागं माणूस पलीकडे बसवा. आणि हो, हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर मोठं चालू घड्याळ पाहिजेच, सुपरव्हायजरनं "शेवटची दहा मिनिटं" असं ओरडून सगळ्यांना दचकवायची काही गरज नाही.

पुढच्या वेळी 'गुण' हा शब्द घेऊ, मार्कांना गुण का म्हणतात ते बघू. नमस्कार.