तीन भाषांनी घडवलेलं एक नाव

श्रोतेहो, नमस्कार.

पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या उत्तरेला, एक देश आहे. चारी बाजूंनी जमीन, समुद्र कुठेच नाही. १९८४ च्या ऑगस्टपर्यंत या देशाला ‘अपर व्होल्टा’ म्हणत. व्होल्टा नदीच्या वरच्या अंगाचा मुलूख, एवढाच त्याचा अर्थ. नदीचं हे नाव पोर्तुगीजांनी पाडलेलं, त्याला ‘वरचा’ हे विशेषण फ्रेंचांनी लावलेलं. तिथं राहणाऱ्या माणसांचा त्यात पत्ताच नव्हता.

त्या माणसांना कुणी विचारत तरी कुठे होतं? फ्रेंचांनी १९१९ मध्ये ही वसाहत उभी केली, १९३२ मध्ये मोडून तिचे भाग शेजारच्या तीन वसाहतींना वाटून टाकले. आयव्हरी कोस्टच्या मळ्यांना मजूर हवे होते, हे त्यामागचं एक मोठं कारण. १९४७ मध्ये ती पुन्हा जोडली. १९६० मध्ये स्वातंत्र्य आलं, पण नाव तेच राहिलं.

१९८३ मध्ये थॉमस संकारा हा तेहतीस वर्षांचा लष्करी अधिकारी सत्तेवर आला. वर्षभरानं, ४ ऑगस्ट १९८४ रोजी, देशाचं नाव बदललं: बुर्किना फासो.

या नावाची घडण मला फार मोलाची वाटते. या देशात साठाच्या आसपास भाषा बोलल्या जातात. ‘बुर्किना’ हा शब्द मोरे भाषेतला, म्हणजे संख्येनं सर्वांत मोठ्या मोसी समाजाच्या भाषेतला. त्याचा अर्थ सचोटीचा, ताठ मानेचा माणूस. ‘फासो’ जुला भाषेतला; पश्चिमेकडच्या बाजारांत ही भाषा चालते. ‘फा’ म्हणजे वडील, ‘सो’ म्हणजे घर. दोन्ही मिळून झाली सचोटीच्या माणसांची वाडवडिलांची भूमी. एकट्या मोसींच्या भाषेतून नाव घेणं सहज शक्य होतं. तसं केलं नाही, हे महत्त्वाचं.

आणि तिथल्या नागरिकाला काय म्हणायचं? ‘बुर्किनाबे’. यातला शेवटचा ‘बे’ फुलफुल्दे भाषेतला, गुरं राखणाऱ्या फुलानी लोकांच्या बोलीतला, माणसांचं अनेकवचन दाखवणारा प्रत्यय. एवढ्याशा अक्षरानं आणखी एक समाज नावात सामावला. स्त्री असो वा पुरुष, एक असो वा अनेक, शब्द बदलत नाही.

नद्यांचीही नावं बदलली. काळी, पांढरी आणि तांबडी व्होल्टा आता मुहून, नाकांबे आणि नाझिनोन झाल्या. काळ्या, पांढऱ्या, तांबड्या पट्ट्यांचा जुना झेंडा गेला, तांबडा-हिरवा आला, मध्ये पिवळा तारा.

ऑक्टोबर १९८७ मध्ये संकारांची हत्या झाली. त्यांच्या जागी आलेल्या ब्लेझ कॉम्पाओरे यांनी त्यांची बरीच धोरणं गुंडाळली. देशाच्या नावाला मात्र त्यांनीही हात लावला नाही. सत्तावीस वर्षं ते बुर्किना फासोचेच अध्यक्ष होते.