मारान ओना का सेइदाऊक?

तिमोर-लेस्तेची राजधानी दिली. शहराच्या पश्चिमेकडची ही कोमोरो नदी. पाऊस संपला की पात्रात नुसते गोटे उरतात, मधून एक बारीक धार. त्या धारेपाशी बादल्या टेकल्या आहेत.

हात बघा. साबण, चोळणं, पिळणं, पुन्हा पाणी.

काय चाललंय विचारलं, तर मान वर न करता उत्तर येतं: ‘हाऊ फासे रोउपा हेला.’ मी कपडे धुतेय. ‘हेला’ म्हणजे राहणं. क्रियापदाच्या मागे लागलं की काम अजून चालू आहे. ‘फासे’ इथला, तेतुन भाषेचा. ‘रोउपा’ पोर्तुगीजांकडून आलेला. साबण ‘साबाऊन’, बादली ‘बाल्दे’. आपली बालदीही त्याच पोर्तुगीज शब्दातून आली. १८४४ पर्यंत पोर्तुगीज तिमोरचा कारभार गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या हाताखाली होता.

आपण हात धुतो आणि भांडी घासतो. तेतुनमध्ये दोन्हीकडे ‘फासे’च: ‘फासे लिमान’, ‘फासे बिकान’. अंघोळीला मात्र वेगळा शब्द, ‘हारिइस’.

आता कपडे गोट्यांवर पसरताहेत. उन्हात वाळत घालणं, ‘हाबाई’. ओलं ते ‘बोकोन’, ओलं करायचं तर ‘हाबोकोन’. कोरडं ‘मारान’, कोरडं करायचं तर ‘हामारान’. स्वच्छ ‘मोओस’, स्वच्छ करायचं तर ‘हामोओस’. आपण सुकणेचं सुकवणे करतो, भिजणेचं भिजवणे, तसंच. फक्त आपली भर शब्दाच्या शेवटी पडते, त्यांची सुरुवातीला. हा एक ‘हा’ कानात बसला की घरातली निम्मी कामं बोलता येतात. तेतुन शिकायची तर इथून, धुण्याच्या जागेवरून शिकावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

१९७५ ते १९९९ इंडोनेशियाचा ताबा, शाळेत इंडोनेशियन. २००२ पासून पोर्तुगीजबरोबर तेतुनही राजभाषा.

घरी अंगण झाडून होतंय. घर झाडणं, ‘दासा उमा’. विहिरीतून पाणी काढणं, ‘कुरु बे’. इस्त्री तापतेय, तेवढ्यात वीज जाते. ‘आही माते!’ शब्दशः, आग मेली. ‘आही’ हा चुलीतल्या विस्तवाचा शब्द, तोच विजेलाही लागतो.

दोरीवर शर्ट. आतून हाक येते: ‘माना, रोउपा मारान ओना का सेइदाऊक?’ ताई, कपडे वाळले की नाही अजून?

ती बाही चाचपून बघते.

‘सेइदाऊक.’ अजून नाही.