नेटवर्क नसताना फोनला जागा कशी कळते

श्रोतेहो,

पावसाळ्यात इंदूरहून पातालपानी, चोरल किंवा जामघाटाकडे गेलेल्या मंडळींची एक तक्रार हमखास ऐकू येते: घाट लागला, रेंज गेली आणि तिच्याबरोबर जीपीएसही गेले. यातले रेंज गेल्याचे खरे असते, पण जीपीएस गेल्याचे बहुतेक वेळा खरे नसते. रेंज गेल्यावर बंद पडते ते नकाशाचे चित्र. आपण कोठे आहोत हे फोनला तेव्हाही ठाऊक असते. सिम काढून टाकले, वायफाय आणि ब्लूटूथ बंद केले, तरी फोन अक्षांश-रेखांश स्वतःच काढतो, आणि नेटवर्कमुळे ते काम फक्त लवकर होते, एवढेच आज मला मांडायचे आहे.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज असा, की फोन उपग्रहाला काही विचारतो आणि उपग्रह त्याला उत्तर देतो. प्रत्यक्षात फोन उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही. इंदूरच्या मालवा हाऊसमधून आकाशवाणीचे प्रसारण होते तेव्हा शहरात कोणाच्या घरी रेडिओ लागला आहे हे केंद्राला कळत नाही. तसेच अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांना आपल्या फोनचा पत्ताही नसतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, साधारण बारा तासांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा करत, ते अखंड दोनच गोष्टी सांगत असतात: आत्ता किती वाजले आहेत आणि आपण कोणत्या कक्षेत आहोत. एअरप्लेन मोड लावल्यावर फोनमधले प्रक्षेपक थांबतात. काही जुन्या फोनांमध्ये त्याबरोबर जीपीएसही बंद होत असे. आजचे फोन मात्र हा निव्वळ ऐकणारा भाग सहसा चालू ठेवतात, कारण त्यातून बाहेर काहीच जात नाही.

आता केवळ ऐकून जागा कशी काढायची? रेडिओलहरी सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातात, म्हणून उपग्रहाने ‘निघालो’ म्हटल्याची वेळ आणि संदेश पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून अंतर मिळते. डोक्यावरच्या उपग्रहापासून निघालेला संदेश सुमारे ०.०६७ सेकंदात येतो. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली तर जागा निश्चित व्हायला हवी. पण अडचण अशी, की उपग्रहात आण्विक घड्याळ असते आणि आपल्या फोनात साधा क्वार्ट्झचा स्फटिक. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली की अंतरात ३०० मीटरची चूक होते, आणि फोनचे घड्याळ याच्या कितीतरी पट चुकलेले असते. यावरचा तोडगा मला या साऱ्या रचनेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. घड्याळाची चूक किती हे माहीत नाही, तर तिलाच चौथी अज्ञात संख्या मानायचे आणि चौथ्या उपग्रहाचे अंतर घेऊन चार समीकरणे एकत्र सोडवायची. त्यातून अक्षांश, रेखांश आणि उंची तर मिळतेच, शिवाय फोनला आण्विक घड्याळाच्या तोडीची वेळही फुकटात मिळते.

माळव्यात बसून हे बोलताना उज्जैनची आठवण टाळता येत नाही. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणितात उज्जयिनीवरून जाणारे याम्योत्तर वृत्त, म्हणजे रेखांशाची दक्षिणोत्तर रेषा, शून्य मानत, आणि एखादे गाव त्याच्या पूर्वेस की पश्चिमेस, किती दूर, हे चंद्रग्रहणाच्या स्थानिक वेळेतल्या फरकावरून काढत. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून एक अंश म्हणजे चार मिनिटे. रेखांशाचा प्रश्न तेव्हाही घड्याळाचाच प्रश्न होता.

मग घाटात जागा सापडायला कधी कधी इतका वेळ का लागतो? उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत कमालीचा क्षीण होतो: एका वॉटचे एक कोटी अब्ज भाग केले, तर त्यातला जेमतेम एखादा भाग फोनच्या अँटेनापर्यंत येतो. तो भोवतालच्या रेडिओ-गोंगाटाच्याही खाली बुडालेला असतो. तरीही तो सापडतो, कारण प्रत्येक उपग्रहाची १०२३ चिन्हांची स्वतंत्र मालिका ठरलेली आहे, ती दर मिलिसेकंदाला पुन्हा येते, आणि फोनला ती पाठ असते. ओळखीची मालिका गोंगाटावर सरकवत नेली की ती जुळते ती जागा उठून दिसते. उपग्रह जवळ येतो किंवा दूर जातो तशी लहरींची वारंवारताही थोडी बदलते, त्यामुळे शोध दोन दिशांनी करावा लागतो. कोणता उपग्रह आत्ता क्षितिजाच्या वर आहे हेही ठाऊक नसेल, तर फोनला सगळेच तपासून पाहावे लागतात.

उपग्रह सापडला तरी त्याच्या कक्षेचा तपशील उतरवून घ्यायचा असतो, आणि मूळ जीपीएस संदेशाचा वेग आहे सेकंदाला फक्त ५० बिट. घड्याळाची दुरुस्ती आणि कक्षेचे आकडे ३० सेकंदांच्या चक्रात पुन्हा पुन्हा येतात. सगळ्या उपग्रहांचे ढोबळ पंचांग पूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागतात. झाडीतून आणि कडेकपारीतून धावणाऱ्या मोटारीत हा संदेश मध्येच तुटला, तर राहिलेला भाग पुढच्या चक्रात घ्यावा लागतो. म्हणून जीपीएस लागत नसेल, तर मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर स्थिर उभे राहणे हा उपाय सेटिंगमध्ये खटपट करण्यापेक्षा चांगला.

नेटवर्कची मदत नेमकी येथे होते. जो मजकूर आकाशातून यायला अर्धे मिनिट लागते, तो इंटरनेटवरून क्षणात मिळतो. टॉवर आणि आसपासच्या वायफायच्या ओळखक्रमांकांवरून ढोबळ जागाही आधीच कळते, त्यामुळे कोणते उपग्रह शोधायचे हे ठरते. कक्षेचे अचूक आकडे साधारण चार तास उपयोगी पडतात, आणि काही फोन पुढच्या काही दिवसांचा अंदाजही साठवून ठेवतात. तेव्हा घाटाकडे निघण्यापूर्वी शहरातच एकदा लोकेशन लावून पाहिले आणि त्या भागाचा नकाशा उतरवून घेतला, तर पुढे रेंज नसण्याचा त्रास फारसा होत नाही. गूगल मॅप्समध्ये ही सोय आहे. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड तर मुळात त्याच कामासाठी बनवलेले आहेत. रहदारीची ताजी माहिती मात्र नेटशिवाय मिळणार नाही.

खाजगीपणाविषयीही थोडे बोलले पाहिजे. उपग्रहाला आपण दिसत नाही हे खरे, पण म्हणून फोनचे रेडिओ बंद करताच आपण अदृश्य होतो असे नाही. कॅमेऱ्याला परवानगी दिलेली असेल तर फोटोत अक्षांश-रेखांश नोंदले जातात; एखादे ॲप दिवसभराची वाट साठवून ठेवून रेंज आल्यावर पाठवू शकते. अँड्रॉइडमध्ये वायफायचे बटण बंद असले तरी ‘वायफाय स्कॅनिंग’ ही वेगळी सोय चालू राहू शकते. जागा कळू द्यायची नसेल, तर लोकेशनची परवानगीच काढून घ्यावी लागते.

अचूकतेच्या बाबतीत आपला प्रदेश जरा अवघड आहे. सराफ्याच्या गल्लीत भिंतींवर आपटून आलेल्या लहरी लांबचा रस्ता घेतात आणि फोनला फसवतात, पण हे कोणत्याही जुन्या शहरात घडते. माळव्याची खास अडचण वर आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या खूप उंचावरच्या थरात, विद्युत्भारित कणांची दाटी होते, आणि तिचा उत्तरेकडील उंचवटा भारतात साधारण आपल्याच अक्षांशांवर पडतो. या थरात लहरी रेंगाळतात, विशेषतः दुपारी, आणि मोजलेले अंतर काही मीटरनी, कधी त्याहूनही अधिक, वाढते. उपग्रहाच्या संदेशात यासाठी दुरुस्तीचे आठ आकडे येतात, पण त्यांनी चूक सुमारे निम्मीच भरून निघते. खरा उपाय दोन वारंवारता एकाच वेळी ऐकण्याचा आहे: १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झवर रेंगाळण्याचे प्रमाण वेगळे असल्याने त्या फरकावरून चूक मोजून वजा करता येते. २०१८ साली शाओमीच्या मी ८ या फोनात ही सोय पहिल्यांदा आली. आपल्या इस्रोच्या नाविक या जीपीएससारख्या प्रणालीचे उपग्रह यांपैकी दुसऱ्या वारंवारतेवर आणि ‘एस’ नावाच्या आणखी एका वारंवारता-पट्ट्यात बोलत होते. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून त्यांनी पहिलीही जोडली आणि देशी बनावटीचे रुबिडियमचे आण्विक घड्याळही वर नेले.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. घाटात रेंज येत-जात असते तेव्हा टॉवर शोधण्यात फोनची बॅटरी भराभर संपते. तेथे एअरप्लेन मोड लावून लोकेशन चालू ठेवावे, आणि मदत मागायची वेळ आलीच, तर एखाद्या उंच टेकाडावर मोड काढून साध्या एसएमएसने आकडे पाठवावेत. नकाशाची लिंक पाठवू नये, कारण ती उघडायला समोरच्याला नेट लागते. दशांश चिन्हानंतर चार आकडे दिले तर जागा साधारण ११ मीटरपर्यंत कळते, आणि पाच दिले तर सुमारे एका मीटरपर्यंत. पण फोनची स्वतःची चूकच काही मीटरची असते, तेव्हा पाचव्या आकड्यासाठी अडून बसू नये.