बंद स्टेशनाचं वय रुळांवर वाचा

श्रोतेहो, नमस्कार. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी छोटी लाइन मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. सुमारे २०० किलोमीटरचा, अवघा दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंदीचा हा मार्ग ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (दुसरे) यांच्या राज्यात घातला गेला. १९०४ मध्ये जौऱ्यापर्यंत, १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत. आता तिथे ब्रॉडगेज होते आहे. सुमावली, कैलारस, सबलगडसारख्या जुन्या स्टेशनांच्या खुणा त्यात जात आहेत, तेव्हा नोंदी घ्यायच्या तर आत्ताच.

सुरुवात इमारतीपासून करू नका. पत्रे, दारं, रंग, सगळं कितीदा तरी बदललेलं असतं. रूळ बघा. रुळाच्या उभ्या बाजूवर कारखान्याचं नाव, वजन आणि साल उठावाच्या अक्षरांत असतं. गंज तारेच्या ब्रशानं झाडायचा, वरून खडू आडवा फिरवायचा, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढायचा. भर दुपारी ही अक्षरं दिसत नाहीत. जुनं वजन पौंडात, दर यार्डाला. निम्मं केलं की साधारण किलो प्रतिमीटर मिळतं. ३० पौंडी रूळ म्हणजे १५ किलोचा.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. ते साल रूळ घडवल्याचं असतं, स्टेशन उघडल्याचं नव्हे. मुख्य मार्गावरचे झिजलेले रूळ काढून सायडिंगला, म्हणजे डबे उभे करायच्या बाजूच्या मार्गाला, टाकायची रेल्वेची जुनी रीत आहे. म्हणून सायडिंगचे आणि मुख्य मार्गाचे रूळ वेगवेगळे नोंदवा, आणि एकाच रुळावर भिस्त ठेवू नका. जमीन मात्र रेल्वेची. परवानगीशिवाय आत गेलात तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतं. तुकडा घरी नेणं तर चोरीच!

गावातल्या पेट्यांमध्ये जुनी पुठ्ठ्याची तिकिटं सापडतात, ५७ बाय ३० मिलिमीटरची. तारीख पुसट असली तरी भाडं वाचा. आणे असतील तर तिकीट बहुधा एप्रिल १९५७ च्या आधी छापलेलं. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधलं, फार तर उरलेल्या साठ्यातलं. संस्थानाच्या रेल्वेचं नाव असेल तर त्याहून जुनं, कारण ५ नोव्हेंबर १९५१ ला शिंद्यांची रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. तिकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, क्रमांकासकट.