दवाखाना सगळ्यांचा, वाट ज्याची त्याची

नमस्कार. आज सुरुवात या वस्तूपासून करते.

(हातात पत्र्याचा फर्मा, कॅमेऱ्याजवळ)

हा माझ्या मावशीचा फर्मा. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत कितीतरी घरांत आजही असा एखादा सापडेल. टेंभुर्णीचं पान भिजवून मऊ करायचं, त्यावर हा ठेवायचा आणि कडेकडेनं कात्री फिरवायची. मग चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. झाली एक विडी. अशा दिवसाला सातशे-आठशे, हात बसलेला असेल तर हजार. मजुरी दर हजार विड्यांमागं. त्यातून छाट काढली, म्हणजे वाईट म्हणून बाजूला टाकली, तर तेवढी मेहनत पाण्यात.

आता ही बाई बसते कशी ते बघा. मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली. आठ-दहा तास. बोटांना तंबाखू लागलेली असते आणि तिच्यातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. डोकं जड होतं, मळमळतं. तंबाखू चाळली की खकाणा उठतो, तो नाकातोंडात जातो. शेजारी पाळण्यात लेकरू असतं, ते तीच हवा घेतं. हे काम करणाऱ्या बायांमध्ये खोकला, दमा, कंबरदुखी, डोळ्यांची जळजळ घरोघरी. पण दवाखान्यात कोणी जात नाही. का जात नाही, हाच आजच्या व्हिडिओचा विषय आहे.

मावशीला दोन वर्षं खोकला होता. कोणाला सांगितलं नाही. टीबी निघाला तर लेकीचं लग्न मोडेल, ही भीती. सरकारी दवाखाना चालत वीस मिनिटांवर, तपासणी फुकट, औषध फुकट. पण सकाळी रांगेत उभं राहायचं म्हणजे त्या दिवशीची मजुरी गेली. कागद कन्नडमधून, वाचायला येत नाही. आणि चारचौघांत 'थुंकी तपासायची आहे' असं म्हणायचं कसं?

आमच्या बेळगाव जिल्ह्यात दवाखाने नाहीत असं कोण म्हणेल? शहरात केएलईचं एवढं मोठं रुग्णालय आहे. बिम्स हे सरकारी रुग्णालय आहे. अथणी-रायबागकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला जातात. तिथलं वॉन्लेस रुग्णालय 1894 सालचं. निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ. टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आपण फिरायला जातो, तिथं एकेकाळी देवीची लस तयार व्हायची, हे नावातच आहे. थोडक्यात, औषधपाण्याची परंपरा इथं जुनी आहे. प्रश्न आहे तो माणूस आणि दवाखाना यांच्यामधल्या वाटेचा. ती वाट प्रत्येकाची वेगळी असते. विडी वळणाऱ्या बाईची वेगळी, सौंदत्तीच्या डोंगरावर देवीला सोडलेल्या बाईची वेगळी, खानापूरच्या जंगलातल्या गवळी-धनगराची तर फारच वेगळी. पावसाळ्यात तिथल्या आजाऱ्याला खांद्यावरून आणावं लागतं, हे तुम्ही दरवर्षी बातम्यांत बघता.

म्हणून एखाद्याच गटासाठी काम करणाऱ्या छोट्या संस्था मला फार मोलाच्या वाटतात. 'सगळ्यांसाठी का नाही? एकाच गटाला का?' असं मला कमेंटमध्ये विचारलं जातं. उत्तर मावशीच्या गोष्टीतच आहे.

तिच्या गल्लीत एक अक्का होती. ती स्वतः विड्या वळणारी, आणि बायांच्या एका छोट्या मंडळाचं काम बघायची. तिनं मावशीला दवाखान्यात जा असं सांगितलंच नाही. म्हणाली, "गुरुवारी माल द्यायला जातेस न्हवं? परत येताना माझ्यासंगट चल. मला पण कार्डाचं काम हाय." माल दिल्यावर बायांना तासभर मोकळा मिळतो, हे तिला माहीत होतं. बाहेरून आलेल्या माणसाला ते कळायला वर्ष लागलं असतं.

दवाखान्यात कागद अक्कानंच भरला. थुंकीची डबी पिशवीत, पदराखाली. चार दिवसांनी निकाल आला. टीबी नव्हता. श्वासनळ्या आकसल्या होत्या, वर्षानुवर्षांच्या धुळीनं. डॉक्टरांनी पंप, म्हणजे इनहेलर, लिहून दिला. इथं दुसरा घोळ! "पंप लागला की सुटत न्हाई" म्हणून मावशीनं तो पंधरा दिवस कपाटात ठेवला. अक्का रोज संध्याकाळी येऊन बसायची. शेवटी तिनं स्वतःचा पंप काढून दाखवला. तीही घेत होती, दोन वर्षांपासून. त्या रात्री मावशीनं पहिल्यांदा पंप ओढला.

एवढंच आहे ते काम. लांबून बघाल तर यात काय मोठं, असं वाटेल.

आणि टीबी निघाला असता तरी? सांगून ठेवते, कारण भीतीपोटी लोक लपवतात. टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे बँकेत येतात, पूर्वी 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000. शिवाय 2022 पासून 'निक्षय मित्र' म्हणून कोणीही रुग्णाच्या सकस आहाराची जबाबदारी घेऊ शकतं. गणेश मंडळांनी, तालमींनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. बेळगावचा सार्वजनिक गणपती 1905 पासूनचा. एवढ्या वर्षांची माणसं जोडायची सवय आपल्या हाती आहे.

विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला. 1976 साली विड्यांवर उपकर लावून कल्याण निधी उभा केला. त्यातून दवाखाने, मोठ्या आजाराला मदत, मुलांना शिष्यवृत्ती अशा सोयी झाल्या. 2017 ला जीएसटी आला आणि तो उपकर गेला. कामगाराचं ओळखपत्र मात्र आजही लागतं, आणि घरी बसून ठेकेदाराकडून पान-तंबाखू घेणाऱ्या बाईला ते मिळवताना नाकी नऊ येतात, कारण ती कुणाची कामगार हेच कुणी लिहून देत नाही. हा कागद मिळवून देणं हेसुद्धा आरोग्याचंच काम आहे. मी तर म्हणेन, पहिलं काम.

निपाणी म्हटलं की 1981 चं तंबाखू आंदोलन आठवतं. महामार्गावर बसलेले शेतकरी आणि 6 एप्रिलचा गोळीबार. पण त्याच सुमारास वखारीतल्या बायाही संघटित झाल्या होत्या. प्रा. सुभाष जोशी यांच्यासारखी माणसं त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मजुरी, कामाचे तास, वागणूक यासाठी त्या भांडल्या. त्याला कोणी आरोग्याचं काम म्हटलं नसेल. पण खकाण्यात बसायचे तास कमी होणं याहून मोठं औषध कुठलं?

आता जरा पूर्वेकडे जाऊ. गोकाकजवळ घटप्रभा. तिथं 1997 पासून एक संस्था आहे. तिचं नाव 'महिला अभिवृद्धि मत्तु संरक्षण संस्थे', सगळे 'मास' म्हणतात. आधी मायराडा ही स्वयंसेवी संस्था आणि सरकारचं महिला विकास महामंडळ यांनी काम सुरू केलं, नंतर ते पूर्वीच्या देवदासींनी स्वतःच्या हातात घेतलं. कारभार त्याच बघतात. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

कर्नाटकात देवदासी सोडण्याविरुद्ध 1982 साली कायदा झाला. सरकारच्या 1993-94 आणि 2007-08 च्या पाहण्यांत मिळून राज्यात 46,660 देवदासी नोंदल्या गेल्या. त्या यादीवर पुढची मदत ठरत आली, त्यामुळं जिचं नाव सुटलं ती भत्त्यासाठी हेलपाटे घालत राहते. ज्या गावात तिला नावानं नाही तर शिवीनं हाक मारतात, तिथं ती अर्ज घेऊन एकटी कशी जाणार? सोबत तिच्यासारखीच, पण चार सरकारी कचेऱ्या पालथ्या घातलेली बाई असेल तर जाते.

जटेचं उदाहरण देते. केसांत गुंता झाला, तेल-पाणी लागलं नाही, की जट तयार होते. आमच्याकडं सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं म्हणून ती कापत नाहीत. मी एक जट अगदी जवळून पाहिली आहे. मनगटाएवढी जाड, कमरेखाली पोचलेली, पावसाळ्यात आतून ओलीच राहणारी. त्या बाईला मान सरळ करता यायची नाही. कुशीवर झोपायचं म्हटलं तर जट आधी बाजूला उचलून ठेवावी लागायची. डॉक्टरांनी मानेचं औषध दिलं होतं, गोळ्या चालू होत्या, आणि दुखण्याचं मूळ डोक्यावर लोंबत होतं! ती कापायला डॉक्टर उपयोगाचा नाही. 'मी कापली, मला काही झालं नाही' असं सांगणारी बाई समोर बसावी लागते. तेही एकदा नाही, महिने-महिने. गडहिंग्लज भागात अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, कार्यकर्त्यांनी हे काम केलं, घराघरांत बसून.

एचआयव्हीचंही तसंच. गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, 2004 पासून. 2017 च्या कायद्यानं संमतीशिवाय कोणाचा आजार उघड करता येत नाही. पण छोट्या गावात कायद्याच्या आधी कुजबुज पोचते. म्हणून बायका जवळचं केंद्र सोडून लांबच्या गावी गोळ्या आणायला जातात, आणि एस.टी. चुकली, पैसे नसले की गोळी चुकते. इथंही शेवटी कोणीतरी आपल्यातलं लागतं, ज्याच्याजवळ काही लपवायला लागत नाही.

सीमाभागाची एक वेगळी गुंतागुंत आहे, ती सांगायलाच हवी. कार्ड कर्नाटकाचं, दवाखाना कोल्हापूरचा. 2023 साली महाराष्ट्र सरकारनं आपला दावा असलेल्या कर्नाटकातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, आणि कर्नाटकानं त्याला कडाडून विरोध केला. त्या वादात मला आज पडायचं नाही. पण आजारी माणसाच्या नातेवाइकाला रात्री दोन वाजता एवढंच हवं असतं, की कुठलं कार्ड कुठं चालेल ते कोणीतरी नीट सांगावं. हे सांगणारी दोन माणसं प्रत्येक संस्थेकडे हवीत. मराठी येणारी, कन्नडही येणारी, आणि निपाणीत तर उर्दूसुद्धा. विड्या वळणाऱ्या बायांत या तिन्ही भाषा एकाच ओसरीवर बसलेल्या असतात. माझं स्पष्ट मत आहे, आरोग्याचा गट कामावरून आणि दुखण्यावरून बांधावा. भाषेवरून बांधलात तर ओसरीचे तीन तुकडे होतील.

आता थोडं कडू. सगळ्याच संस्था अशा नसतात. आमच्या गल्लीत एकदा मोठं शिबिर झालं. नाव घेत नाही. वेळ सकाळी अकराची, म्हणजे ऐन कामाची. मोठा बॅनर, हारतुरे, दीड तास भाषणं. बायांचे बीपी मोजले, चिठ्ठ्या दिल्या, केळं दिलं, फोटो काढले. एका चिठ्ठीवर 180 च्या पुढचा आकडा होता. त्या काकींना कोणी थांबवून विचारलं नाही. नंतर कोणी घरी आलं नाही. ती चिठ्ठी त्यांनी देवापुढं ठेवली होती, आठ महिन्यांनी मी पाहिली. तोवर त्यांची डावी बाजू गेली होती.

त्यामुळं तुम्ही कुठल्या संस्थेला पैसे देणार असाल, किंवा वेळ देणार असाल, तर शिबिरं किती केली ते विचारू नका. शिबिरानंतर कोण कोणाच्या घरी गेलं, ते विचारा. समितीत त्या गटातलं कोणी आहे का, आणि सही करायचा अधिकार तिला आहे का, की ती फक्त फोटोपुरती? रुग्णाचे चेहरे फेसबुकवर टाकतात का? टाकत असतील तर मी दोनदा विचार करीन. हिशेब मागितला की देतात का? पावती, नोंदणी, देणगीवरच्या करसवलतीचा कागद हे बघाच. पण कागद चोख असूनही काम पोकळ असलेल्या संस्था मी पाहिल्यात, आणि नोंदणी नसलेली अक्काही पाहिली.

तुम्हालाच सुरू करायचं असेल तर कर्नाटकात 1960 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. सात मिळतील. त्याआधी सहा महिने नुसतं त्या लोकांबरोबर बसा. त्यांचा दिवस कसा जातो, पैसा कुठल्या वारी हातात येतो, कुठल्या डॉक्टरला त्या घाबरतात, नवरा घरी कधी नसतो. वहीत लिहायची गरज नाही. आपोआप पाठ होतं.

मावशी आता विड्या वळत नाही. फर्मा तिनं मला दिला, "व्हिडिओत दाव" म्हणाली. पंप कनवटीला असतो. गेल्या वर्षी अक्का वारली. तिच्याकडं एक जुनी प्लॅस्टिकची पिशवी होती, त्यात गल्लीतल्या बायांच्या कार्डांच्या झेरॉक्स आणि दवाखान्याचे कागद. ती पिशवी आता आमच्या घरी खिळ्याला लटकलेली आहे. परवा गुरुवार होता. मावशी कोपऱ्यावरच्या घरातल्या सुनेला घेऊन गेली. सून लाजत होती, वाटेत दोनदा मागं फिरली. मावशी म्हणाली, "चल गं, मला पण कार्डाचं काम हाय."