धुराच्या खोलीतलं मीठ

अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. कॉफी संपली, कापड महागलं. पण घराघरात खरं अडलं ते मिठावाचून. डुकराचं मांस खारवून वर्षभर टिकवायचं, तर १०० पौंडांना साधारण ८ पौंड मीठ लागतं. ते कमी पडलं, किंवा जनावर कापल्यावर हवा उबदार झाली, की मांस हाडालगत नासतं. बाहेरून पत्ताही लागत नाही.

मग धुराच्या खोलीतली ही जमीन खरवडली गेली. या खोलीत वर्षानुवर्षं खारवलेलं मांस धुरावर टांगलं जायचं. त्यातून ठिबकलेलं मीठ मातीत मुरलं होतं. ती माती या निमुळत्या लाकडी पेटीत भरायची, तळाला पेंढा. वरून पाणी थोडं थोडं सोडायचं. घाई केली की खाली नुसता गाळ येतो. निथळलेलं खारं पाणी कढईत आटवायचं, वरची मळी काढत राहायची. दाणा धरू लागला की जाळ ओढून घ्यायचा, नाहीतर तळाला करपतं. सगळं नीट जमलं तरी मीठ तपकिरी, दाताखाली कचकचणारं. किनाऱ्यावर समुद्राचं पाणी आटवत. पण १०० लिटरमागे हाती लागणार जेमतेम साडेतीन किलो, आणि त्यासाठी लाकूडफाट्याचे ढीग.

मोठ्या मळ्यांवर हे कष्ट उपसले ते गुलामीत डांबलेल्या काळ्या माणसांनी. त्यातले कितीतरी बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे होते, मालकाच्याच चर्चच्या मंडळीचे सभासद.

ही अशाच एका चर्चची वही. एका पाळकाकडे तीन-चार खेडी, म्हणून प्रवचन महिन्यातून एकदा. आदल्या शनिवारी सभासदांची बैठक. कोण दारू प्यायलं, कोणाला मंडळीतून काढलं, सगळं टिपलेलं. गोऱ्यांची नावं आडनावासकट. काळ्या सभासदाचं नुसतं पहिलं नाव, आणि लगेच मालकाचं. बाप्तिस्मा, म्हणजे पंथात घेण्याचा पाण्यातला विधी, याच ओढ्यात व्हायचा. पाळक काठीने तळ चाचपत कमरेइतक्या पाण्यात उतरायचा आणि एकेकाला मागे झुकवून पूर्ण बुडवायचा. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं का, या वादातूनच १८४५ साली याच राज्यातल्या ऑगस्टा शहरात सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे दक्षिणेतल्या बाप्टिस्ट चर्चचा संघ, वेगळं निघालं होतं, हे ही पानं वाचताना विसरता येत नाही.

१८६५ साली युद्ध संपलं, गुलामी गेली. काळे सभासद बाहेर पडले, त्यांनी स्वतःची चर्च बांधली, स्वतःचे पाळक नेमले. १८९५ साली याच राज्यात, अटलांटात, त्यांचं नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन झालं.